शांत बसलेला मासा बरा आहे की आजारी? – शेवाळ खाणाऱ्या छोट्या माशांचं आरोग्य कसं ओळखावं



आजचा लेख वर्गातल्या किंवा घरातल्या फिश टँकविषयी आहे. त्यातही काचेला चिकटून शेवाळ खाणाऱ्या इवल्याशा माशांविषयी. हे मासे आजारी पडले तर ते लवकर लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. त्यात चार मासे गेले. म्हणून आधी माझी चूक सांगते, मग त्यातून काय शिकले ते सांगते.

आमच्या वर्गात काचेची दोन फुटांची टाकी आहे. दोन-अडीच महिने त्यात फक्त गप्पी मासे होते. टाकी खिडकीजवळ असल्यामुळे काचेवर हिरवा थर धरला. दुकानदार म्हणाला, “ओटो घेऊन जा मॅडम, काच चकचकीत ठेवतात.” मी सहा ओटो आणले. मुलं खूश झाली. पहिले चार-पाच दिवस ते काचेवर तोंड लावून भराभर सरकत होते.

पुढच्या आठवड्यात शाळेला भेट होती. शनिवारी आम्ही सगळी शाळा स्वच्छ केली, त्यात टाकीही घासूनपुसून लख्ख केली. काचेवरचं सगळं शेवाळ काढलं, खडे धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र केला आणि सगळं पाणी नवीन भरलं. मला वाटलं, मासे आता खरे सुखात राहतील.

सोमवारी चौथीतली एक मुलगी टाकीजवळ उभी राहून म्हणाली, “बाई, याचं पोट खपाटीला गेलंय. आमच्या शेळीची भकाळी अशी आत गेली की आई म्हणते, ती चरली नाही.” मी वही तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “अगं, तो मासाच तसा बारीक असतो. बस जागेवर.”

मंगळवारी सकाळी एक ओटो फिल्टरच्या पाइपखाली मेलेला सापडला. पुढच्या सोमवारपर्यंत आणखी तीन गेले. गप्पी मात्र मजेत पोहत होते, त्यामुळे पाणी वाईट असेल हे माझ्या मनातही आलं नाही. नंतर वाचन केलं, अनुभवी पाळणाऱ्यांना विचारलं, तेव्हा कळलं की त्या मुलीने जे पाहिलं तेच या माशांच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाचं लक्षण आहे.

आधी मासा कोणता ते ओळखा

दुकानात ‘शेवाळ खाणारा मासा’ म्हटलं की वेगवेगळे मासे हातात पडतात. त्यांची गरज वेगळी, म्हणून नाव माहीत हवं.

ओटो म्हणजे ओटोसिंक्लस. हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांतला मासा आहे. पूर्ण वाढला तरी ४ ते ५ सेंटीमीटरच, म्हणजे आपल्या करंगळीएवढा. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळसर पट्टा आणि तोंड खालच्या बाजूला, चिकटणाऱ्या वाटीसारखं. नेहमीच्या खवल्यांऐवजी त्याच्या अंगावर हाडासारख्या कठीण पट्ट्या असतात. तो कळपात राहणारा आहे. एकटा ठेवला तर घाबरलेला राहतो, म्हणून किमान पाच-सहा हवेत.

सकर मासा दुकानात दोन इंचांचा दिसतो, पण तो फूट-दीड फुटांपर्यंत वाढतो. ‘गोल्डन अल्गी ईटर’ म्हणून मिळणारा पिवळा मासाही मोठा होतो, आणि मोठा झाल्यावर शेवाळ सोडून दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटू लागतो. लहान टाकीसाठी हे दोन्ही योग्य नाहीत.

या लेखात मुख्यतः ओटोविषयी सांगते. बरीचशी लक्षणं इतर लहान शेवाळखाऊ माशांनाही लागू पडतात.

आजार नाही, पण आपण घाबरतो अशा गोष्टी

आजार ओळखायचा तर आधी निरोगी मासा कसा वागतो ते ठाऊक पाहिजे. ओटोच्या खालील सवयी सामान्य आहेत:

- पानाखाली उलटा लटकणं किंवा काचेवर तिरका चिकटून बसणं.
- पोट भरल्यावर बराच वेळ एका जागी शांत बसणं.
- मधूनच सर्रकन वर जाऊन हवेचा घोट घेणं आणि परत खाली येणं. त्याच्या अन्ननलिकेजवळ हवा साठवणारी लहान पिशवीसारखी रचना असते, म्हणून त्याला हे जमतं.
- रात्री दिवा लावल्यावर किंवा नवीन जागी आणल्यावर रंग फिका दिसणं.
- पोट वाटाण्यासारखं गोल दिसणं. ही सूज नव्हे, हे भरलेलं पोट आहे.

शांत बसणं ही निरोगी ओटोची सवय आहे आणि आजारी ओटोही शांतच बसतो. म्हणून नुसतं ‘हालचाल करतोय का’ एवढं पाहून चालत नाही. पुढच्या चार गोष्टी पाहाव्या लागतात.

१. पोट

ओटो काचेला चिकटतो तेव्हा त्याची खालची बाजू आपल्याकडे असते. टाकीतल्या दुसऱ्या कुठल्याच माशाचं पोट इतकं सहज बघायला मिळत नाही. रोज सकाळी फक्त ते बघायचं.

पोट गोलसर आणि फिकट पांढरट असेल तर मासा खातोय. पोट सपाट असेल तर दोन-तीन दिवस बारीक लक्ष ठेवा. पोट आत ओढलेलं, खपाटीला गेलेलं असेल आणि डोक्याच्या मागचं अंग डोक्यापेक्षा बारीक दिसत असेल तर तो उपाशी आहे. तेव्हा थांबायचं नाही.

हे मासे उपाशी का राहतात? याची तीन मुख्य कारणं आहेत.

पहिलं, ते बहुतेकदा नदीतून पकडून आणलेले असतात. पकडणं, साठवणं, विमानप्रवास, ठोक व्यापारी, मग आपल्या जवळचं दुकान, या सगळ्या प्रवासात त्यांना नीट खायला मिळत नाही. दुकानातच ते अर्धपोटी असतात.

दुसरं, सगळं शेवाळ त्यांच्या कामाचं नसतं. त्यांना मऊ हिरवा थर, तपकिरी थर आणि पानांवरचा बुळबुळीत थर लागतो. केसांसारखं लांब किंवा काळं, दाढीसारखं शेवाळ ते फारसं खात नाहीत. टाकी हिरवी दिसते म्हणजे ताटात जेवण वाढलंय असा अर्थ नाही.

तिसरं, आपण टाकी फार स्वच्छ ठेवतो. मी हेच केलं होतं. गप्पींना वरून दाणे मिळत होते म्हणून ते मजेत होते. ओटोंचं ताट मात्र मीच घासून ठेवलं होतं.

याच्या उलट, पोट फुगलेलं आहे, पण मासा खात नाही, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, तर ती सूज आहे. शरीरात पाणी साठतं, त्यामागे बहुधा जिवाणूंचा संसर्ग किंवा आतल्या अवयवांचा बिघाड असतो. आणि मासा व्यवस्थित खातो, तरी बारीक होत जातो, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी पडते, तर आतड्यात जंत किंवा इतर परजीवी असण्याची शक्यता असते.

२. श्वास

मासा स्थिर बसलेला असताना कल्ल्यांच्या झाकणांची उघडझाप मोजा. अर्धा मिनीट मोजून दुप्पट करा. ‘इतके आकडे म्हणजे निरोगी’ असं सरसकट सांगता येत नाही, कारण पाणी गरम असेल तर श्वास वाढतो. म्हणून मासे ठणठणीत असताना चार-पाच वेळा मोजून आपल्याच टाकीचा आकडा लिहून ठेवा. पुढे तो स्पष्टपणे वाढलेला दिसला की काहीतरी बिघडलंय असं समजा.

कल्ले लालभडक दिसणं, मासे वारंवार वर जाऊन हवा घेणं, सगळे मासे पृष्ठभागाजवळ किंवा फिल्टरच्या धारेजवळ गोळा होणं, ही पाण्यात ऑक्सिजन कमी झाल्याची किंवा अमोनिया वाढल्याची खूण आहे. कल्ले तपकिरी पडले असतील तर नायट्राइट वाढल्याची शंका घ्यावी. त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते.

३. त्वचा आणि पर

यासाठी मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरून बघा.

- रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके: हा ठिपक्यांचा रोग. इक नावाने दुकानात सांगितलं तरी कळतं.
- बारीक हळद भुरभुरल्यासारखा सोनेरी थर: हा वेल्वेट नावाचा परजीवी. टॉर्चशिवाय सहसा दिसत नाही.
- कापसासारखा पुंजका: बुरशी. ती बहुधा आधीच्या जखमेवर वाढते.
- परांच्या कडा झिजलेल्या, पांढरट किंवा लालसर: पर कुजणं. यामागे जिवाणू असतात आणि त्यांच्या मागे बहुतेक वेळा घाण पाणी असतं.
- पोटावर किंवा परांच्या मुळाशी लाल रेषा, लाल डाग: संसर्ग रक्तात पसरल्याची खूण. हे गंभीर आहे.

४. वागणं

ओटो तळाशी एका कुशीवर पडलाय, काचेला नीट चिकटू शकत नाही, फिल्टरच्या प्रवाहाबरोबर वाहत जातो, खड्यांवर अंग घासतो, किंवा कळप सोडून एकटाच कोपऱ्यात राहतो, तर तो आजारी आहे. रंग दिवसाही फिका राहिला आणि अंगावरचा काळा पट्टा पुसट झाला तर तीही ताणाची खूण समजावी.

आणखी एक साधा नियम मला फार उपयोगी पडला. एकच मासा आजारी दिसला तर आधी माशाकडे बघा, सगळे एकदम आजारी दिसले तर आधी पाण्याकडे बघा. पण ओटो नाजूक आहे आणि गप्पी काटक. गप्पी बरे आहेत म्हणून पाणी बरं आहे असं मात्र समजू नका. तिथेच मी फसले.

पाणी आजारी कसं पडतं?

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. टाकीत, मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांवर, काही उपयोगी जिवाणू राहतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने खूपच सौम्य असतं आणि पाणी बदलल्यावर कमी होतं. नव्या टाकीत ही जिवाणूंची वसाहत बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून ओटो नव्या टाकीत पहिल्या दिवशी कधीच सोडू नयेत. टाकी जुनी, थोडी शेवाळलेली हवी.

मी स्पंज नळाखाली धुतला, खडे धुतले, सगळं पाणी बदललं. म्हणजे माशांचं अन्नही काढलं आणि त्यांची सफाई करणारी फौजही मारली. आपल्या गावात पाण्यात टीसीएल पावडर टाकतात. तिच्यातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच असतं, ते चांगले-वाईट ओळखत नाही. माशांच्या कल्ल्यांनाही ते जाळतं. तेव्हा लक्षात ठेवा:

- एका वेळी एक चतुर्थांशच पाणी बदला, आठवड्यातून एकदा.
- नवीन पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन बाटलीवर लिहिल्याप्रमाणे वापरा.
- स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा.
- समोरची काच पुसा, मागची आणि बाजूची शेवाळलेली राहू द्या.

उन्हाळ्यात जास्त जपावं लागतं. ओटोला साधारण २२ ते २६ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि गरम व क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. दुपारी टाकीवरचं झाकण काढून जाळी टाका, पृष्ठभागावरून पंख्याचा वारा जाऊ द्या, एअर पंप चालू ठेवा. एकदम बर्फ टाकू नका, तापमानाचा झटका बसतो. लाइट बराच वेळ गेली तर फिल्टर बंद पडतो, तेव्हा मगने पाणी उचलून वरून सोडत राहिलं तरी ऑक्सिजन मिसळतो.

लक्षण दिसलं, आता काय करायचं?

आपली पहिली धाव औषधाच्या बाटलीकडे असते. मीही तेच केलं होतं. योग्य क्रम असा:

पहिली पायरी, पाणी तपासा. अमोनिया, नायट्राइट तपासायचे किट मिळतात. दोन्ही शून्य हवेत. ते नसतील तर क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने २५ ते ३० टक्के पाणी बदला आणि आकडे खाली येईपर्यंत रोज बदलत राहा. किट नसेल तरी ही पायरी करायला हरकत नाही.

दुसरी पायरी, खायला द्या. काकडीची जाडसर चकती किंवा पालकाचं पान उकळत्या पाण्यात मिनीटभर ठेवून थंड करा आणि चमच्याला अडकवून तळाशी बुडवा. आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या ताई हे काम प्रेमाने करून देतात. नव्या ओटोंना काकडी हे अन्न आहे हे कळायलाच काही दिवस लागतात, तेव्हा धीर सोडू नका. संध्याकाळी ठेवलेली चकती सकाळी काढा, नाहीतर ती कुजून पाणी बिघडवते. शेवाळाच्या गोळ्या मिळतात, त्याही चालतात. सगळ्यांत चांगला उपाय फुकटचा आहे. टाकीतून काढलेल्या पाण्यात गुळगुळीत दगड घालून बरणी उन्हात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत दगडांवर हिरवा थर येतो. एक दगड टाकीत, एक उन्हात, अशी अदलाबदल करत राहा.

तिसरी पायरी, वेगळं ठेवा. एकाच माशाला संसर्ग असेल तर लहान टबमध्ये टाकीतलंच पाणी घेऊन, हवेची नळी सोडून, लपायला एखादं पान देऊन त्याला तिथे ठेवा.

चौथी पायरी, मग औषध. तेही रोग ओळखूनच. ओटो औषधांच्या बाबतीत नाजूक असतो. तांब्याचे क्षार, मॉलॅकाइट ग्रीन, फॉर्मलिन असलेली औषधं देताना बाटलीवर कॅटफिशसाठी वेगळं प्रमाण लिहिलंय का ते वाचा. टाकीत कोळंबी किंवा गोगलगायी असतील तर तांब्याचं औषध त्यांना मारून टाकेल. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर औषधाच्या काळात काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. गप्पींना चालतं म्हणून ओटोंच्या टाकीत मूठभर खडे मीठ टाकू नका, त्यांना ते सोसत नाही. औषधं मुलांच्या हाती लागू देऊ नका.

ठिपक्यांच्या रोगाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. अंगावरचा ठिपका म्हणजे त्वचेखाली दडलेला परजीवी. तो पिकला की गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहत सुटतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर चालतं. २४ ते २६ अंशांच्या पाण्यात हे चक्र साधारण आठवडाभराचं असतं. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की ‘बरा झाला’ म्हणून औषध थांबवू नका. बाटलीवर सांगितलेला पूर्ण क्रम करा.

विकत घेतानाच बघा

अर्धं काम दुकानातच होतं. ओटो काचेला चिकटेपर्यंत थांबा आणि पोट बघा. खपाटीला गेलेलं असेल तर दया येऊनही घेऊ नका. त्या टाकीत मेलेले मासे दिसले तरी घेऊ नका. दुकानात येऊन आठवडा-दोन आठवडे झालेले मासे मागा, कारण अशक्त मासे बहुधा त्या आधीच गेलेले असतात. घरी आणल्यावर पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी यांची तास-दीड तास थोडी थोडी सरमिसळ करा, मग जाळीने मासा सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

आणि कितीही अडचण आली तरी पाळलेले मासे विहिरीत, ओढ्यात, तलावात सोडू नका. घरात मोठा झाला म्हणून सोडलेला सकर मासा आज आपल्या उजनी जलाशयातल्या मच्छीमारांच्याही जाळ्यात सापडतो. त्याचे काटे जाळी फाडतात आणि त्याला बाजारात किंमत नाही. मासा नको असेल तर दुकानदाराला परत द्या.

वर्गात करायचा उपक्रम: माशांचा डॉक्टर

आमच्या वर्गात आता रोज दोन मुलं ‘माशांचे डॉक्टर’ असतात. परिपाठानंतर पाच मिनिटांत ती एका वहीत या प्रश्नांची उत्तरं लिहितात:

१. आज किती ओटो दिसले?
२. प्रत्येकाचं पोट कसं आहे? गोल, सपाट की खपाटीला गेलेलं? (चित्र काढा.)
३. अर्ध्या मिनिटात कल्ले किती वेळा हलले?
४. अंगावर ठिपका, पुंजका, लाली दिसली का?
५. पाण्याचं तापमान किती?
६. कालची काकडी खाल्ली का?
७. आज काहीतरी वेगळं वाटलं का?

यात मोजणं आहे, दुप्पट करणं आहे, तापमापी वाचणं आहे, महिन्याअखेरीस आलेख काढणं आहे. सातवा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर चुकीचं नसतंच. सुट्टीच्या दिवशी काय, हाही प्रश्न येतो. निरोगी ओटो एखादा रविवार आरामात काढतात, टाकीत शेवाळ असलं म्हणजे झालं. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकी कोणाकडे जाणार हे मात्र आधीच ठरवा.

मुलांना दोन नियम पक्के सांगा. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवायचा, आणि हाताला जखम असेल तर टाकीत हात घालायचाच नाही. टाकीच्या पाण्यातले काही जिवाणू जखमेतून माणसाच्या त्वचेला संसर्ग करू शकतात. पाणी काढताना नळी तोंडाने ओढायची नाही, हेही सांगा.

शेवटी

त्या सहांपैकी दोन ओटो वाचले. काकडी, उन्हात ठेवलेले दगड आणि थोडं थोडं बदललेलं पाणी, एवढंच केलं. कसलंही औषध दिलं नाही. दोन महिन्यांनी, पोटं बघून, आणखी चार आणले. आता टाकीची मागची काच कायम हिरवी असते. भेटीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, “ही काच पुसली नाही का?” तर त्याच मुलीने उत्तर दिलं, “सर, ते त्यांचं जेवण आहे.”

मी तिला वर्गासमोर सांगितलं, “त्या दिवशी तुझं बरोबर होतं, माझं चुकलं होतं.” ती लाजली, पण त्या दिवसापासून वर्गात बोलायला लागली. तोपर्यंत ती मागच्या रांगेत गुपचूप बसणारी, कुणाला त्रास न देणारी मुलगी होती. अशा मुलांना आपण ‘शहाणी’ म्हणतो आणि पुढे जातो. हल्ली हजेरी घेताना मी शांत मुलांकडे जरा जास्त वेळ बघते. सकाळी काही खाऊन आलीत का, हेही विचारते.

तुमच्या शाळेत किंवा घरी फिश टँक असेल तर आज एकदा ओटोच्या पोटाकडे बघा. तुमचे अनुभव, तुम्ही केलेले उपाय नक्की लिहा. इतर शिक्षकांना आणि पालकांना त्याचा उपयोग होईल.